शाळेतील यंत्र आणि कच्चे मडके

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. संत नामदेवांचा जन्म १२७० साली ह्याच गावी झाला अशी परंपरा आहे, आणि त्यामुळेच लोक त्यास नरसी नामदेव म्हणतात. ह्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे प्रसिद्ध क्षेत्र असून, त्याच्या जवळ दुधाळा येथे एक अपूर्व यंत्र उभारावयाचे ठरले आहे. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या आणि त्यांतून धावणारा लेसर किरण, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली म्हणजे अवकाशात जी अतिसूक्ष्म थरथर उत्पन्न होते, ती ह्या यंत्राने टिपावयाची आहे. ‘लायगो-इंडिया’ नावाच्या ह्या प्रकल्पास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा त्याचा खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये धरला होता.

इतक्या दूरची थरथर ऐकणारे यंत्र मनुष्याने घडविले, ही गोष्ट खरोखर अभिमानास्पद आहे. परंतु वर्गात समोर मांडी घालून बसलेल्या आठ वर्षांच्या मुलास आजचा धडा समजला की नाही, हे ओळखावयास कोणते यंत्र पुरे पडते? आणि न समजला असेल, तर तो समजावून देण्यास कोणते? नरसीसारख्या गावातील शाळेत संगणक, टॅब किंवा मोठा पडदा येतो, तेव्हा गावास आनंद होतो, आणि तो योग्यच आहे. शहरातील घरात मुलाच्या अभ्यासासाठी म्हणून मोबाईल घेतला जातो, तेव्हाही आईबापांच्या मनात अशीच आशा असते. ही आशा कोठे फळते आणि कोठे वाया जाते, ह्याचा विचार आता निव्वळ तर्काने करण्याचे कारण उरलेले नाही. गेल्या सत्तर वर्षांत ह्या बाबतीत आपल्या देशात व बाहेर पुष्कळ प्रयोग झाले असून त्यांचे निष्कर्ष सर्वांस उपलब्ध आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शाळेत यंत्र किंवा साधन ही काही नव्या युगाची नवलाई नव्हे. जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर ओनामा गिरवीत असे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढावयाचे, आणि चुकले म्हणजे हात फिरवून पुन्हा काढावयाचे. कागद दुर्मीळ व महाग असताना चूक करण्याची मुभा देणारे हे साधन होते, आणि त्याचे सारे मोल ह्या मुभेतच होते. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासेतील एका अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. मलबारी मुलांच्या शाळेत वाळूवर अक्षरे काढताना त्याने पाहिले आणि तीच रीत आपल्या शाळेत आणली. तेथील शिक्षकांनी नाके मुरडली, तेव्हा त्याने थोड्या पुढच्या मुलास मागच्या मुलांस शिकविण्यास बसविले. १७९७ साली त्याने ह्या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे विलायतेतील असंख्य गरीब मुले ह्याच पद्धतीने शिकली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की बेलने वाळू तर उचललीच, पण तिच्याबरोबर शिकविणारा मुलगाही शेजारी बसविला. नुसती वाळू विलायतेस पोचली असती तर तिचे कोणास कौतुक वाटले नसते.

शाळेतील साधनांची कामे निरनिराळी असतात, आणि ती वेगळी करून पाहिल्यावाचून त्यांची किंमत ठरविता येत नाही. पहिले काम वाहून नेण्याचे, म्हणजे एका ठिकाणचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणी पोचविण्याचे. दुसरे दाखविण्याचे, म्हणजे जे डोळ्यांना सहज दिसत नाही ते समोर आणण्याचे. तिसरे पारखण्याचे, म्हणजे विद्यार्थी कोठे अडला आहे ते ओळखण्याचे. चौथे काम ह्या तिन्हींहून वेगळे आहे. त्याचा विचार पहिल्या तिघांनंतर केलेला बरा.

वाहून नेण्याच्या कामात यंत्राचा हात धरणारा कोणी नाही. छापखान्याने पुस्तक घरोघर नेले. १९६७ साली पुण्यास स्थापन झालेल्या ‘बालभारती’मुळे मुंबईतील आणि मराठवाड्यातील मुलांच्या हाती एकच पाठ्यपुस्तक येऊ लागले, ही गोष्ट आज कोणास नवलाची वाटत नाही; पण ती लहान नव्हे. त्यापूर्वी चाळीस वर्षे, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईत नभोवाणीचे केंद्र सुरू झाले, आणि ज्यास वाचता येत नाही त्याच्यापर्यंतही बोललेला शब्द जाऊ लागला. १९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्ष अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत सकाळच्या वेळी शाळेच्या मुलांसाठीही कार्यक्रम असत. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था निघाली आणि मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार होऊ लागले. ती संस्था २०१७ साली बंद झाली. परंतु तिच्या कार्यक्रमांतील गाणी व गोष्टी ज्यांना अजून आठवतात अशी माणसे आज चाळिशीत आहेत.

ह्या वाहून नेण्याच्या कामातच एक धडा फार लवकर मिळाला होता. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याच्या नभोवाणी केंद्राने ५ मराठी भाषक जिल्ह्यांतील १५० गावांत एक प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवर कार्यक्रम होत. गावातील काही माणसे एकत्र बसून ते ऐकत, आणि कार्यक्रम संपला म्हणजे त्यावर चर्चा करीत. त्यांच्या शंका पत्राने केंद्राकडे जात आणि पुढील कार्यक्रमात त्यांस उत्तर मिळे. तुलनेसाठी काही गावे अशी घेतली होती, की जेथे रेडिओ होता पण असे श्रोतृमंडळ नव्हते, आणि काही अशी, की जेथे दोन्ही नव्हते. प्रयोगाच्या आधी व नंतर गावकऱ्यांस प्रश्न विचारून पाहता, जेथे मंडळ होते तेथील ज्ञानात मोठी भर पडलेली दिसली. जेथे नुसता रेडिओ होता तेथे ती त्या मानाने फारच थोडी होती. ध्वनी दोन्हीकडे एकच गेला होता. फरक पडला तो ऐकल्यानंतर कोणी बोलले की नाही, ह्यामुळे.

आता दाखविण्याचे काम. हृदयाच्या झडपा कशा उघडतात, चंद्राच्या कला कशा होतात, बीज रुजताना मुळे कोणत्या दिशेने जातात, ह्या गोष्टी खडूने फळ्यावर काढून दाखविण्यास शिक्षकाचा हात कितीही कुशल असला तरी मर्यादा पडते. चलच्चित्र तेथे मोठे साहाय्य करते. राज्य सरकारने २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ ह्या कार्यक्रमाचा निर्णय काढला, त्या सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळांत लोकवर्गणीतून पडदे व संगणक घेण्याची लाटच उसळली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा येथील शिक्षक संदीप गुंड ह्यांचा प्रयोग त्या लाटेच्या अग्रभागी होता. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर एक लहानसा चौकोन छापावयाचा आणि मोबाईलने तो वाचताच त्या धड्याची चित्रफीत किंवा कविता उघडावी, अशी योजना केली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे चौकोन आले. डिसले ह्यांस २०२० साली १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांतील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून दिली.

ह्या चौकोनास क्यूआर कोड म्हणतात. १९९४ साली जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो निघाला. काळ्या-पांढऱ्या घरांच्या मांडणीत एक पत्ता साठविलेला असतो; तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकटींवरून यंत्रास त्याची दिशा कळते, आणि तीच माहिती थोडी अधिक करून भरलेली असल्यामुळे पान काहीसे मळले किंवा फाटले तरी तो वाचता येतो. हे सारे चातुर्याचे आहे. परंतु हा चौकोन म्हणजे दार आहे, घर नव्हे. दारापलीकडे काय ठेवले आहे, ते मुलाच्या भाषेत आहे की नाही, आणि ते पाहून झाल्यावर त्यास कोणी दोन प्रश्न विचारतो की नाही, ह्यावर पुढचे सारे अवलंबून असते.

भाषेचा हा मुद्दा मराठवाड्याला नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि तेथील उच्च शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी मुलास घरची भाषा एक आणि वरच्या वर्गातील पुस्तकाची भाषा दुसरी, अशी ओढाताण होई. १९२१ साली हिप्परगा येथे निघालेल्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्थांचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. आज अडचण वेगळ्या रूपाने तीच आहे. बंजारा तांड्यावरील मूल घरी गोरमाटी बोलते, शाळेत प्रमाण मराठी ऐकते, आणि पडद्यावर पुष्कळदा इंग्रजी शब्दांनी भरलेली चित्रफीत पाहते. यंत्र जितके दुरून येते तितकी त्याची भाषाही दुरूनच येते. ती जवळ आणण्याचे काम वर्गातील माणसालाच करावे लागते.

तिसरे काम पारखण्याचे. येथे नामदेवांविषयीची एक जुनी कथा आठवल्यावाचून राहत नाही. संतमंडळी एकत्र जमली असता मुक्ताबाईने गोरोबा कुंभारांस विचारले, की हे थापटणे कशाचे? मडके कच्चे की पक्के ते ह्याने कळते, असे गोरोबा म्हणाले. मग ह्या मडक्यांचीही परीक्षा होऊ द्या, असे तिने सुचविले. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. बाकीचे शांत राहिले. नामदेवांस मात्र राग आला, आणि हे मडके कच्चे, असा निर्णय झाला. पुढे नामदेव औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांस गुरू केले, असे ही कथा सांगते. कथेचा आध्यात्मिक अर्थ काहीही असो; शिक्षणाच्या दृष्टीने तिच्यात दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या केलेल्या आहेत. मडके कच्चे आहे, हे थापटण्याने कळले. थापटण्याने ते पक्के झाले नाही. त्यासाठी नरसीच्या नामदेवांस औंढ्याची वाट धरावी लागली.

आजच्या शाळेत पारखण्याची उपेक्षा फार होते, आणि यंत्राचा खरा उपयोग तेथेच सर्वांत मोठा आहे. ‘प्रथम’ ह्या मुंबईत जन्मलेल्या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ ह्या नावाची पाहणी ग्रामीण भारतात होत आली आहे. तिचे थापटणे म्हणजे एक साधा कागद. त्यावर अक्षरे, शब्द, एक छोटा उतारा आणि इयत्ता दुसरीच्या पातळीची एक गोष्ट छापलेली असते. घरोघर जाऊन मुलास तो वाचावयास देतात. देशभरच्या ग्रामीण भागात इयत्ता तिसरीतील ज्या मुलांस दुसरीची गोष्ट वाचता आली, त्यांचे प्रमाण २०१८ साली शेकडा २७.३ होते, शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली ते २०.५ वर उतरले, आणि २०२४ साली पुन्हा २७.१ पर्यंत चढले. म्हणजे आपत्तीने जे गेले ते बव्हंशी भरून निघाले. पण आपत्तीपूर्वीही चार मुलांतील जवळजवळ तीन मुले मागेच होती. वर्गात शिक्षक तिसरीचा धडा शिकवीत असतो, आणि बहुसंख्य मुले अद्याप दुसरीच्याही उंबरठ्याबाहेर असतात.

हाच प्रकार वरच्या वर्गांतही चालू राहतो. दिल्लीत २०१५ साली सहावी ते नववीच्या ६१९ विद्यार्थ्यांवर एक काळजीपूर्वक प्रयोग झाला. तेथे एकाच वर्गात बसलेल्या मुलांच्या गणिताच्या पातळीत पाच-सहा इयत्तांचे अंतर आढळले. अशा वर्गात एकच धडा सर्वांस लागू पडणे अशक्य आहे, मग शिक्षक कितीही तळमळीचा असो. प्रयोगात वापरलेला संगणकाचा कार्यक्रम असा होता, की मुलाने उत्तर दिले म्हणजे ते चूक की बरोबर एवढेच तो पाहत नसे. कोणत्या प्रकारची चूक झाली ते पाहून पुढचा प्रश्न ठरवीत असे. मूल सातवीत असले तरी भागाकार चौथीचा अडत असेल, तर प्रश्न चौथीचे येत. सुमारे साडेचार महिन्यांत ह्या मुलांची गणितातील व हिंदीतील प्रगती इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक दिसली, आणि अगदी मागे पडलेल्यांसही त्यांतून लाभ झाला. मात्र दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. हे वर्ग शाळेच्या वेळेबाहेर भरत. आणि दीड तासांतील अर्धा वेळच मूल यंत्रापुढे असे, उरलेला अर्धा वेळ लहान गटात एका शिकविणाऱ्या माणसाबरोबर जाई.

ह्या दोन गोष्टींचे महत्त्व गुजरातेतील दुसऱ्या एका प्रयोगाने अधिक उघड होते. ‘ज्ञानशाला’ ह्या संस्थेच्या शाळांत गणिताचा एक संगणकीय कार्यक्रम दोन रीतींनी वापरून पाहिला. एका ठिकाणी तो शाळेच्या वेळातच, शिक्षिकेच्या तासातील काही भाग काढून, चालविला. दुसऱ्या ठिकाणी शाळेच्या आधी किंवा नंतर, तासाला जोड म्हणून. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे पहिल्या रीतीत मुले इतरांपेक्षा कमी शिकली; दुसऱ्या रीतीत त्यांस, विशेषतः मागे असलेल्यांस, लाभ झाला. यंत्र तेच, धडे तेच. चांगल्या शिक्षिकेचा वेळ काढून घेतला तेथे तोटा झाला. तिच्या वेळात भर घातली तेथे फायदा झाला. ज्या वडोदऱ्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली सबंध संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, तेथेही २००२ ते २००४ ह्या काळात चौथीच्या मुलांस आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे असे, गणिताचे खेळ दिले होते. गणितातील गुण चांगले वाढले. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्या वाढीचा बराचसा भाग ओसरला. कुंभाराच्या भाषेत सांगावयाचे तर आव लवकर विझला.

ह्याच्या उलट जेथे यंत्र देणे हेच उद्दिष्ट मानले गेले, तेथील अनुभवही पाहण्यासारखा आहे. प्रत्येक मुलास एक स्वस्त लॅपटॉप द्यावा, अशी एक जागतिक चळवळ २००५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिचा भारतातील पहिला प्रयोग महाराष्ट्रातच, रायगड जिल्ह्यातील खैराट ह्या खेड्यातील लहानशा एकशिक्षकी शाळेत, २००७ साली झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते छोटे यंत्र मुलांनी घरी नेले, त्याने छायाचित्रे काढली, चित्रे रंगविली. त्यांच्या उत्साहाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने हीच योजना लाखो यंत्रांनिशी राबविली, आणि २०१२ साली ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा गणितात व भाषेत मुलांची काही अधिक प्रगती झाल्याचे दिसून आले नाही. मुले यंत्र चालविण्यात तरबेज झाली होती. पण कोणत्या मुलास काय येत नाही हे त्या यंत्रास ठाऊक नव्हते, आणि त्याच्या साहाय्याने कसे शिकवावे ह्याची शिक्षकास पुरेशी तयारी दिलेली नव्हती.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ही सारी चर्चा एकाएकी घराघरात आली. त्या वर्षीच्या जुलैपासून ‘सह्याद्री’ वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकू येऊ लागली. सोलापुरात नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगविले गेले, आणि मुले अंतर राखून गल्लीतून वाचत जाऊ लागली. काही आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविले गेले. ह्या सर्वांत एक समान सूत्र होते. ज्या साधनास जे काम जमते तेच त्यास दिले होते, आणि प्रत्येकामागे कोणी ना कोणी शिक्षक, स्वयंसेवक किंवा घरातील मोठे माणूस उभे होते. उलट, नुसत्या मोबाईलवर पाठविलेले धडे, पाठविल्याची नोंद झाली तरी, पुष्कळदा उघडलेच गेले नाहीत; घरात फोन एकच, आणि तो बापाबरोबर कामावर गेलेला. खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास राज्य सरकारने परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. पहिलीत नाव घातलेले मूल शाळेची पायरी न चढताच दुसरीत गेले होते.

आता फोनची उणीव बरीच भरून निघाली आहे. ग्रामीण भारतात ज्या घरांत स्मार्टफोन आहे त्यांचे प्रमाण २०१८ साली शेकडा ३६ च्या आसपास होते, ते २०२२ साली शेकडा ७५ च्या घरात गेले. परंतु २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांस विचारले, तेव्हा मागील आठवड्यात फोनवर अभ्यासाचे काही केले असे शेकडा ५७ मुलांनी सांगितले, आणि समाजमाध्यमे पाहिली असे शेकडा ७६ मुलांनी. म्हणजे यंत्र पोचले आहे. त्याच्या सोबत जे माणूस पोचावयास हवे होते ते सर्वत्र पोचलेले नाही.

हे चौथे काम होय. त्यास भाजणे म्हणावे. मूल चुकले असता त्याच्याकडे पाहून ‘कसे काढलेस ते सांग बरे’ असे विचारणे, उत्तर ऐकण्यास थांबणे, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणे, आणि हे सारे ज्याच्यावर त्या मुलाचा विश्वास आहे अशा माणसाने करणे, ह्याचे नाव भाजणे. ह्याला वेळ लागतो, आणि मुख्यतः वेळच लागतो. ज्या शिक्षकाच्या माथी दोन-तीन इयत्ता, निरनिराळी माहिती भरून पाठविण्याची कामे आणि बिघडलेला संगणक दुरुस्त करून घेण्याची यातायात असते, त्यास यंत्र दिल्याने त्याचा वेळ वाचेल की उलट आणखी जाईल, हा प्रश्न यंत्र घेण्यापूर्वीच विचारला पाहिजे. उपस्थिती मांडणे, पाढे घोटून घेणे, उत्तरे तपासणे, कोण कोठे अडला ह्याची यादी करणे, ही कामे यंत्राने घेतली तर शिक्षकास भाजण्यास अवकाश मिळेल. त्याच्याऐवजी पडदाच बोलू लागला, तर मुलांच्या रांगा शांत बसलेल्या दिसतील, आणि मडकी कच्चीच राहतील.

ह्या दृष्टीने कोणत्याही नव्या साधनास तीन प्रश्न विचारावेत, मग ते साधन ग्रामपंचायत लोकवर्गणीतून घेत असो किंवा शहरातील गृहस्थ आपल्या मुलीसाठी. ते वाहते, दाखविते, की पारखते, म्हणजे त्याचे नेमके काम कोणते? ते मुलाच्या भाषेत आहे काय, आणि वीज गेली किंवा बिघाड झाला तर आठ दिवसांत कोण दुरुस्त करील? आणि त्याने कळलेली गोष्ट हाती घेऊन मुलाशेजारी बसणारे माणूस कोण? शहरातील सुशिक्षित घरांस तिसरा प्रश्न सर्वांत अवघड वाटेल. तेथे यंत्रास तोटा नाही, विजेस तोटा नाही, आणि भाषेची निवडही हाती आहे. तोटा असतो तो संध्याकाळच्या अर्ध्या तासाचा. मुलीस शिकविण्याचा कार्यक्रम विकत घेताना तो अर्धा तास विकत मिळाला असे मानण्याचा मोह फार होतो. गुजरातेतील त्या वर्गांत जे घडले, तेच मग घरात घडते.

नामदेवांची ६१ पदे शिखांच्या आदिग्रंथात आहेत. १६०४ साली त्या ग्रंथाची रचना झाली, तोवर नामदेवांस जाऊन अडीचशे वर्षे झाली होती. इतका काळ आणि इतके अंतर ती पदे टिकली, कारण एकाने गाइले की दुसरा ऐके, चुकले तर तिसरा सावरून घेई, आणि चौथा ते आपले म्हणून पुढच्यास देई. आज तेच काम यंत्रे पळभरात करतात. शब्द नरसीहून निघून पंजाबात पोचण्यास श्वासाइतकाही वेळ लागत नाही. चुकले तर सावरून घेणारा तिसरा मात्र अजूनही माणूसच असावा लागतो, आणि शाळेच्या अंदाजपत्रकात त्याच्या वेळासाठी एक स्वतंत्र रकाना असावयास हवा.